न खुडलेली शेवंती

मायच्या उजव्या अंगठ्याचं नख हिरवं होतं. शेवंतीचे कोवळे शेंडे खुडून खुडून त्यांचा रस नखाच्या कडेत मुरला होता आणि राखेनं घासा की चिंचेनं, तो तिथून हलत नसे. त्या हाताला एक वास होता, कडवट, ओला, किंचित औषधी. श्रावणातल्या सकाळी ती माझी वेणी घालायला बसली की तो माझ्या केसांत उतरायचा आणि शाळेत दुपारपर्यंत माझ्या सोबत राहायचा. आज तिचा चेहरा आठवायला मला डोळे मिटून घ्यावे लागतात. तो वास मात्र कुठल्याशा बागेच्या कुंपणाशी अवचित भेटतो आणि मी भर रस्त्यात दहा वर्षांची होते.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून बैलगाडीनं दोन तासांवर. त्या काळी आमचा मुलूख कागदावर निजामाचा, कारभारात मध्यप्रांतातला आणि बोलण्यात निव्वळ वऱ्हाड होता. कोणाचा ते कोणी विचारत नसे. चहूकडे काळ्या मातीत कापूस नि ज्वारी उभी असताना आमच्या विहिरीखालच्या दोन एकरांत तेवढी फुलं असायची. बा ती ओल्या फडक्याखाली टोपल्यांत रचून गाडीनं अकोल्याच्या बाजारात न्यायचा. झेंडू त्याचा, मोगरा त्याचा, पण शेवंती मायची. तिथं तो नुसता पाणी देणारा गडी होता आणि हे तो स्वतःच कौतुकानं सांगत असे.

शेवंतीचं एक असतं. रोप वीतभर झालं की श्रावणात त्याचा शेंडा खुडायचा. परक्या माणसाला हे क्रूर वाटतं. जोमात आलेल्या रोपाचं डोकंच उडवायचं म्हणजे काय? पण शेंडा खुडला की खालून पाच-सहा फांद्या फुटतात, रोप बुटकं आणि भरघोस होतं, दिवाळीच्या सुमारास पानं दिसेनाशी होतील इतकी फुलं येतात. न खुडलेलं रोप एकटंच उंच उंच जातं, वाऱ्यानं कलंडतं आणि चार-दोन फुलांवर समाधान मानतं. माय ओळीतून वाकून चालायची, दोन्ही हात दोन्हीकडच्या रोपांवरून फिरायचे, आणि 'टिक्, टिक्' असा तो बारीक आवाज तिच्या बांगड्यांत मिसळत पुढे सरकत राहायचा. ती रोपांकडे पाहायची नाही. आमच्याशी बोलत, कोणाची तरी नक्कल करत, मोठ्यानं हसत ती खुडत जायची. बाईमाणसानं इतकं मोठ्यानं हसू नये असं गावाचं मत होतं, आणि ते मत तिला ठाऊकही होतं.

माझी धाकटी बहीण झाली आणि ते हसू अर्ध्यावर तुटू लागलं. आम्ही चौघं, मी थोरली, पाठचे दोन भाऊ आणि ही तान्ही. या बाळंतपणानंतर मायच्या पायांना सूज येई, चार पावलांत दम लागे, आणि आडवं पडलं की श्वास अडतो म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपे. बानं तिला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, हृदय कमजोर आहे, पुढचं बाळंतपण ही सोसणार नाही. दिवस गेलेच तर उशीर न करता घेऊन या, आईच्या जिवासाठी कायद्यानं ते करता येतं. बानं येताना मूर्तिजापूरच्या स्टेशनावर आमच्यासाठी बत्तासे घेतले. ते खाताना त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.

आणि दिवस गेले. तान्ही अंगावर पीत होती, त्यामुळे मायला ते कळायलाच उशीर झाला. कळलं तेव्हा शेवंती वीतभर झाली होती.

मग आमच्या ओट्यावर, भर दुपारी, माणसं जीव केव्हा येतो यावर बोलू लागली. मी ज्वारी निवडण्याचं निमित्त करून बसले होते. आत्या अकोल्याहून आली होती, बाची थोरली बहीण, कपाळभर कुंकू आणि तोंडानं सडेतोड. तिचे तीन गर्भ पोटातच गेले होते, एकही मांडीवर आला नव्हता. तरी कोणी लेकरं किती असं विचारलं की ती ताठ मानेनं 'तीन' म्हणायची आणि बायका पदराआड हसायच्या. मीही हसले आहे.

"राह्यला त्याच दिवशी तो जीव झाला," आत्या म्हणाली. "मले पुसा. मी तीन लेकरायची माय हाय."

भागूदाई समोर पान लावत होती. आम्हा चौघांना तिनंच हातावर झेललं होतं. तिचं म्हणणं निराळं होतं. "हललं का जीव आला, बाई. हललं नाई तवरी तो वाटेवर असते. वाटेवरून मांगं धाडता येते. दारात आल्यावर नाई."

"अन् तुयं काय म्हननं हाय?" आत्यानं बाला विचारलं.

बा मातीत काडीनं रेघा ओढत होता. "मले हे काई समजत नाई," तो म्हणाला. "या चौघायले माय पायजे. मलेबी पायजे."

यातलं कोण खरं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे उभा जन्म शाळेत शिकवूनही कळलेलं नाही. एवढंच जाणवलं की तिघंही रडवेली होती, आणि जिच्या पोटाविषयी हे सगळं चाललं होतं ती आत चुलीपाशी तान्हीला पाजत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

विचारायची रीत होती ती भागूदाईची. अशा वेळी ती तीन दिवस लागोपाठ सकाळी यायची आणि बाईला एकच प्रश्न करायची. तिन्ही वेळा 'नाही' आलं तरच पुढचं. एकदा जरी 'हो' आलं तरी ती पाठ फिरवायची आणि मग कोणी पाया पडलं तरी तिचा शब्द बदलत नसे. तिच्या शब्दावाचून बा मायला अमरावतीला नेणार नव्हता आणि मायही जाणार नव्हती. दवाखान्यातल्या नळीपेक्षा आमच्या घरात भागूदाईच्या कानावर भरवसा अधिक होता.

पहिल्या सकाळी ती बांधावर आली तेव्हा माय ओळीत खुडत होती. दम लागायचा, म्हणून चार रोपं खुडून ती बसायची, पुन्हा उठायची. "हललं का वं, गिरजे?" "नाई." दुसऱ्या सकाळीही तेच. दोन्ही वेळा मायचा आवाज मोकळा होता, खरं बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

तिसऱ्या सकाळी रात्रीच्या सरीनं माती नरम झाली होती, पानापानावर पाणी होतं आणि ऊन अजून कोवळं होतं. मी शेजारच्या ओळीत होते. निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत तान्ही निजली होती. टिक्, टिक् असा आवाज चालला होता आणि एकाएकी तो थांबला. मी मान वर केली. मायच्या डाव्या हाताचं मनगट पोटावर टेकलं होतं, बोटं मातीची म्हणून फक्त मनगट, आणि उजव्या चिमटीत एक शेंडा धरलेला होता, न खुडलेला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. अंगणात पाठमोरं काम करताना मागून ओळखीच्या माणसानं हाक मारावी, तशी ती ऐकत होती. चार वेळा आई झालेल्या बाईला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ती किंचित हसलीसुद्धा. मग तिची नजर वर आली, माझ्यावरून सरकली, झोळीवर गेली आणि तिथंच राहिली.

बांधावरून भागूदाई येत होती.

"हललं का वं, गिरजे?"

माय झोळीकडेच पाहत होती. झोळीतून एक इवला पाय बाहेर आला होता.

"नाई," ती म्हणाली, आणि चिमटीतला शेंडा खुडला.

भागूदाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती वळली. माय तिथंच चिखलात बसली. उरलेली अर्धी ओळ तशीच राहिली. दुपारी बानं गाडी जुंपली, आणि आत्या, जी इतके दिवस नको नको म्हणत होती, तीच मायच्या पाठीशी उशी लावून तिला धरून अमरावतीपर्यंत गेली. दहा दिवस तिची बेडपॅन धुतली. परत आणताना एका शब्दानं तिला बोलली नाही. फक्त घरात शिरताना तिला मिठीत घेऊन म्हणाली, "वयनी, आता तू पाचायची माय." त्यावर माय जी रडली तो आवाज मला अजून सोसत नाही.

माय वाचली. हे मी ठासून लिहिते, कारण तसं झालं. ती पुढे तेवीस वर्षं जगली. तान्हीला न्हाऊमाखू घातलं, भावांची लग्नं केली, मला गावातली पोरगी असून अमरावतीला मास्तरीण होईपर्यंत शिकवलं. तिच्या त्या एका शब्दावर आमचं सगळं घर उभं राहिलं, आणि मी तिला दोष द्यावा असा एकही दिवस माझ्या आयुष्यात उगवला नाही. पण तिनं शेवंतीचा शेंडा पुन्हा कधी खुडला नाही. ती अर्धी ओळ दिवाळीत उंच, एकांडी, वाकडी उभी होती. दुसऱ्या वर्षी बानं पाहिलं की सगळीच शेवंती तशी सोडली आहे. बाजारात बाकीचे माळी त्याची थट्टा करत, तुमच्या शेवंतीला ताडाचं बी लागलं काय म्हणून. तो हसायचा आणि टोपली पुढे सरकवायचा. मायला तो कधीही काही बोलला नाही, आणि त्यानं स्वतःही कधी शेंड्याला हात लावला नाही. त्या पहिल्याच वर्षी पाऊसकाळ संपेतो तिच्या अंगठ्याचं नख हळूहळू वाढून, कापलं जाऊन, पांढरं झालं होतं.

शेवटी मार्गशीर्षात तिनं अंथरूण धरलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. मी तिचे तळवे चोळत होते. तिनं छताकडे पाहिलं आणि, मागच्याच आठवड्यातली गोष्ट असावी इतक्या साधेपणानं म्हणाली, "त्या सकाळी तू पायलं होतं नं, बाई?"

तेवीस वर्षांत आम्ही यावर बोललो नव्हतो. मला वाटलं, तिला ओझं झालं असेल. आपल्याला कोणी पाहिलं, ही टोचणी घेऊन ती जाऊ नये. मी शिकलेली, शहाणी, दुसऱ्याचं दुःख हलकं करायची सवय लागलेली. मी म्हणाले, "नाई माय. मी काईच नाई पायलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं. "मंग कोनीच नाई पायलं," ती म्हणाली.

ती तिसऱ्या दिवशी गेली, आणि तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो तिची राख सावडल्यावर. तिला क्षमा नको होती. तिला साक्षीदार हवा होता. जगात एकाच सकाळी, एका क्षणापुरतं जे कोणीतरी हललं होतं, त्याला ना नाव मिळालं, ना बारसं, ना मातीची मूठ. त्याच्या असण्याची खूण म्हणून दोन माणसं होती, एक ती आणि एक मी. मी माझ्या शहाणपणानं त्यातली एक पुसून टाकली, आणि तिला ते सगळं एकटीनं घेऊन जावं लागलं. तिनं 'नाई' म्हटलं ते चार लेकरांसाठी. मी 'नाई' म्हटलं ते कशासाठी?

आता माझ्या अमरावतीच्या अंगणात शेवंतीच्या सहा कुंड्या आहेत. श्रावण आला की मी पाच कुंड्यांतले शेंडे खुडते आणि सहावीला हात लावत नाही. शेजारणी म्हणतात, मास्तरीणबाई, ही एक विसरली तुम्ही. मी काही विसरलेली नाही. त्या वाकड्या, एकांड्या रोपापाशी मी सकाळी खुर्ची घेऊन बसते, नखाला तो कडवट वास असतो, आणि काळ इतका पुढे निघून गेला असताना, विचारणारं कोणी उरलेलं नसताना, मी रोज न चुकता उत्तर देते: हो माय, मी पायलं होतं, ते हललं होतं, अन् तू हसली होतीस.