जुनी आय, नवी आय

आमच्या ह्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. नाथाजी हवालदार फौजेतून घरी येऊन सहा वर्षं झाली, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरच आहे. त्या आवाजानं मला सासूची वैरीण ठरवलं, म्हणून सांगते.

साताऱ्याच्या आमच्या घराला पुढं पत्र्याची पडवी आहे. तिचा लोखंडी गर्डर गंजला होता. तो बदलायचं काम ह्यांनी कुपवाडच्या बादशहाभाईंना दिलं. त्यांच्या वर्कशॉपात गर्डरला गर्डर म्हणत नाहीत. त्याचं तोंड इंग्रजी आय अक्षरासारखं दिसतं, म्हणून नुसतं ‘आय’ म्हणतात. ह्यांनीही तो शब्द उचलला. आमच्या भागात आईलाही आयच म्हणतात हे ह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण तेवढा विचार कोण करतो!

शनिवारी सकाळी हे अंगणात उभे राहून फोनवर ओरडत होते, “व्हय, जुनी आय काढायचीच. पार गंजलीय, मधनं वाकलीय. ठिवून काय करू? कुपवाडला घिऊन जावा तुमी. मंगळवारी टेम्पो पाठवा. न्हाई बसली तर मागं आडवी टाका, दोरीनं बांधा.”

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराआड शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आपल्यालाच घालवून देतायत असं धरलं. बोलल्या मात्र काही नाहीत. मला हे मंगळवारी कळलं, तोवर मी नुसती चक्रावून गेले होते.

कारण आत्ती ताठ चालायला लागल्या. एरवी कंबर धरून चालणारी बाई, पण अंगणातून अशी जायची की ह्यांनीच सलाम ठोकावा. माझ्या आमटीला नावं ठेवणं बंद झालं. रविवारी तर म्हणाल्या, “दीपमाला, हाताला चव हाय तुज्या.” वीस वर्षांत पहिल्यांदा. मी घाबरून त्यांच्या बीपीच्या गोळ्या मोजून पाहिल्या.

मंगळवारी दहाला टेम्पो आला. बादशहाभाई उतरले आणि म्हणाले, “चला हवालदार, जुनी आय कुठाय?”

“ही काय,” म्हणत आत्ती बाहेर आल्या. अंगावर इरकल लुगडं, हातात कपड्यांची पिशवी. तडक जाऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या. “मागं आडवी पडायची न्हाई मी. आन् दोरी कशाला? मी काय पळून जात न्हाई.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “झालं तुज्या मनासारखं.”

बादशहाभाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते पोट धरून खालीच बसले. मग उठून त्यांनी टेम्पोतला नवा गर्डर दाखवला, पडवीतला जुना दाखवला. “मावशी, आय म्हंजे ह्ये लोखंड. तुमी न्हवं.” मीही हसले, जरा रागानंच.

आत्ती हसल्या नाहीत, उतरल्याही नाहीत. ह्यांना म्हणाल्या, “लोखंडाला दिसभर आय आय करतोस. मला शेवटची हाक कवा मारलीस रं? लय दिसांनी तुज्या तोंडात त्यो शबुद आला, म्हून तर मी कान दिला.”

माझं हसू थांबलं. खरं होतं ते. ‘म्हातारीनं गोळी घेतली का’ हेसुद्धा हे मलाच विचारायचे. मीही सैपाकापलीकडं त्यांच्याशी बोलत नव्हते. तीन दिवस आत्तींनी ते खरं मानलं, आणि खोटं वाटावं असं आम्ही दोघांनी त्यांना काही दिलंच नव्हतं. मला लाज वाटली.

हे टेम्पोच्या दाराशी गेले आणि पुटपुटले, “आय, उतर की.”

“आयकू आलं न्हाई.”

ह्यांनी घसा खाकरला, आणि परेडच्या आवाजात अशी हाक दिली की शेजारची राहीबाई हातातलं लाटणं घेऊन गॅलरीत आली.

“काय झालं वो?” तिनं विचारलं.

“मला बोलीवतोय,” आत्ती म्हणाल्या, आणि उतरल्या.