सोबतीला कोण

पद्माच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिथे तिने सेफ्टीपिन लावली होती – त्या पिनेकडे श्रीवत्स इतका वेळ बघत होता की ती आपल्याच बोटात रुतते आहे असं त्याला वाटायला लागलं. विद्यापीठाच्या दवाखान्यातला बाक. एका बाजूला गोळ्यांची खिडकी, दुसऱ्या बाजूला समुपदेशक मॅडमचं दार. प्रॅक्टिकल बुडवून पद्माने त्याला इथे ओढत आणलं होतं – “झोप नाही, जेवण नाही, वर्गात हात कापतात तुझे. चल की मुकाट्याने!”

बी.एस्सी.ला पहिला आलेला मुलगा एम.एस्सी.च्या एका पेपरात आपटला, एवढंच तर झालं होतं. पण घरी सांगायची सोय नव्हती. वडील, बाळाचार्य, मठात भेटेल त्याच्यापुढे ‘आमचा श्रीवत्स, आमचा श्रीवत्स’ करत होते, आणि झोप येत नाही म्हटल्यावर म्हणाले होते, संध्येत गायत्रीचा जप वाढव. वाढवला. छाती धडधडायची ती धडधडतच राहिली... म्हणजे जपातही नापास.

“अरे श्रीवत्सा! तू इथे रे कसा?”

अंबूताई! नवनगरातल्या, आईच्या भजनी मंडळातल्या. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या. पद्मा त्यांच्याच घरी भाड्याने राहायची – खोली त्यानेच मिळवून दिली होती. अंबूताईंचे डोळे दारावरच्या पाटीवर गेले, तिथून त्याच्यावर आले, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं –

“पद्माला घेऊन आलोय, ताई. हिला जरा... मनाचा त्रास होतोय. सोबत कुणी नको का?”

किती सराईतपणे! आवाजात काळजीसुद्धा होती, मेल्याच्या.

पद्माने एकदाच त्याच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, “होय अक्का. झोप येईना झालीय.”

“अगोबाई! माझ्या घरात राहून मला पत्ता नाही?” अंबूताई खरंच हळहळल्या. “परक्याची पोर, उद्या काही कमीजास्त झालं तर? घरी गेल्या गेल्या तुझ्या अप्पांना फोन करते. थोडे दिवस घेऊन जाऊ देत तुला.” आणि त्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

थोडे दिवस... अळणावरकडच्या तिच्या गावात थोड्या दिवसांसाठी नेलेली मुलगी परत येत नाही. काही ऐकू आलं की शिक्षण बंद, लग्नाला मामाचा मुलगा तयारच आहे, असं तिच्या वडिलांनी, लक्ष्मणअप्पांनी पाठवतानाच बजावलं होतं – पद्मानेच हसत हसत सांगितलं होतं त्याला. म्हणजे माहीत होतं. नाही, त्या क्षणी फक्त आई दिसली, भजनी मंडळ दिसलं, बाळाचार्यांचा मुलगा वेड्यांच्या डॉक्टरकडे... छे, सबबी कसल्या सांगतोस? तिला पुढे ढकलून तू मागे लपलास. लाज वाटते का काही?

वाटत होती. कानशिलं तापली होती.

“होय का म्हणालीस?” त्याने कसंबसं विचारलं.

“मग काय तिथंच उघडं पाडू तुला?” पद्मा म्हणाली. आवाज शांत होता, ओठ मात्र पांढरे पडले होते. “अप्पांचं मी बघते.”

काय बघणार होती ती?

दार किलकिलं झालं. नर्सने त्याचं नाव घेतलं. अंबूताई अजून रांगेतच होत्या, पुढच्या बाईशी बोलत. आत्ताच. नुसतं उठायचं आणि म्हणायचं, ताई, मीच तो, ही माझ्यासाठी आलीय...

“बस,” पद्मा कुजबुजली. “अक्का जाऊ देत. मग जा आत.”

आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं! त्या सुटकेची अशी किळस आली त्याला, की इतके महिने ज्यापायी झोप उडाली होती तो नापासाचा पेपर आता अगदी क्षुल्लक, कुणालाही सांगता येईल असा वाटायला लागला. ती लाज लोकांनी बघितली असती तरच बोचली असती. ही कुणी बघितलीच नाही, तरी...

नर्सने पुन्हा त्याच्या नावाने हाक मारली, या वेळी मोठ्याने. अंबूताई वळून बघायला लागल्या. त्याने दोन्ही हात बाकावर टेकले – उठायला की घट्ट धरून बसायला, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.