राहीने सहापर्यंत झोपावं

देवाने एक वर माग म्हटलं असतं, तर आमच्या पाड्यावर कोणी पाणी मागितलं असतं, कोणी नोकरी. मी म्हटलं असतं, राहीने सहापर्यंत झोपावं. बास. साडेतीन वर्षांची पोर, पण पहाटेचे चार वाजले की टक्क जागी. आणि एकदा जागी झाली की मला चिकटलीच.

चारलाच मला विहिरीवर जायचं असतं. खर्डीपासून वर डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. धरणाचं पाणी इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतं, आणि आमच्या विहिरीत उन्हाळ्यात तळाशी एक झरा तेवढा उरतो. रात्रभरात जे काही साचतं ते पहाटे वाटीवाटीने हंड्यात भरायचं. बायका संध्याकाळीच हंडे रांगेत लावून येतात. हंडा तुमची जागा धरतो, पण पाळी आली आणि तुम्ही तिथे नसलात, तर तो उचलून शेवटी ठेवतात. शेवटच्या हंड्यात गाळ. यात कोणी कोणाची भावकी बघत नाही. मी स्वतः शेजारच्या रंगूकाकीचा हंडा उचलून ठेवलाय, तेव्हा मी कोणाला नावं ठेवू?

घरात आम्ही दोघीच. राहीचे बाबा कसाऱ्याला हायवेच्या कामावर, पंधरा दिवसांतून एकदा येतात. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. म्हणजे राही उठली की तिला कडेवर घ्यायची, आणि येताना डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढायची. होळीनंतर एकदा मुरमावरून पाय घसरला. हंडा चेपला, त्याचं काही नाही. राहीच्या कपाळाला तीन टाके पडले. शहापूरच्या दवाखान्यातून परत येताना मी रिक्षात ठरवलं, पोरीला अंधारात त्या वाटेवर पुन्हा न्यायची नाही. म्हणजे तिने मी येईपर्यंत झोपायलाच हवं.

उपाय सांगायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी सांगितले. अंगणवाडीच्या माधुरीताई म्हणाल्या, दुपारी झोपवू नका. नाही झोपवली. संध्याकाळभर किरकिरली आणि चारला उठली. रंगूकाकीने मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. राहीचे बाबा फोनवर म्हणाले, "रातीला गरम दूध पाज तिला."

"अवो, इथं पाण्याचे वांधे न तुमी दूध काय सांगताय?" मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मग सगळ्यांचं बोट कोंबड्याकडे गेलं. डालग्याखालचा कोंबडा चारला बांग देतो, पोर उठणार नाही तर काय करणार? कोंबडा कापला. रंगूकाकीला वाटीभर रस्सा दिला. दुसऱ्या दिवशी चार वाजता राही उठून बसली आणि म्हणाली, "आये, आज कोंबडा नाय उठला." मला हसू आलं. त्यानंतर मी या गोष्टीवर कधी हसले नाही.

शेवटी एक दिवस तिला तशीच घरात ठेवून बाहेरून कडी घातली. अर्ध्या वाटेवर तिचा टाहो ऐकू आला. मागे फिरले, तिला थोपटलं, परत पळत गेले, तोवर माझा हंडा शेवटी गेलेला. गाळ घेऊन आले. भात कशात शिजवायचा? कडी काढली, तर राही दारात हुंदके देत उभी. माझं डोकं फिरलं. तिचे दंड धरून मी ओरडले, "मी येयाच्या आधी डोळं उघडलंस ना, तर तुझी आय विहिरीत पडल. मंग बस रडत!"

तोंडातून गेलं. आमच्याकडे पोरांना असाच धाक घालतात. माझी आईही घालायची, आणि आम्ही काही बिघडलो नाही, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी राही झोपली. सहाला मी परत आले तरी डोळे मिटलेले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. दहा दिवस मी रोज दोन हंडे स्वच्छ पाणी आणलं. विहिरीवर मी मिरवलेसुद्धा. रंगूकाकी म्हणाली, "बघ गो दर्शना, पोरांना धाकच लागतो." मी मान डोलावली.

फक्त ती गोधडी ओली करायला लागली. वर्षापूर्वी सुटलेली सवय. मी वैतागले. ही धुवायला पाणी काय तुझा बाप आणणार? एकदा पाठीत धपाटाही घातला. संध्याकाळी ती जेवताजेवता ताटातच पेंगायची. मला वाटलं, वाढीचं वय आहे.

अकराव्या दिवशी झऱ्याने दगा दिला. तीन हंडे भरले आणि नुसती ओल उरली. दुसरा हंडा माझा होता, तेवढा घेऊन मी पाचलाच परतले. पोर उठेल म्हणून दार हळू ढकललं, मोबाइलचा उजेड हाताने झाकला.

राही उताणी पडली होती. दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबलेले. ओठ हलत होते. मी हंडा न उतरवताच जवळ गेले.

"आये पडू नको. आये पडू नको. आये पडू नको."

गोधडी भिजली होती. मोरीपर्यंत जायचं तर डोळे उघडावे लागतात, हे मला तेव्हा कळलं. दहा दिवस ती झोपलीच नव्हती. दहा दिवस ही एवढीशी पोर मला विहिरीबाहेर धरून पडली होती, आणि मी तिला मारलं.

माझी चाहूल लागली तशी ती गप्प झाली. "आये, आलीस?" हात तसेच. "उघडू?"

"उघड गो, उघड." मी हंडा खाली टाकलाच म्हणायचा. तिला मांडीवर घेतलं आणि रडले. तिला सांगितलं, आई खोटं बोलली, आई पडत नाही. पटेना तिला. मग म्हटलं, "विहिरीत पाणीच नाय गो, आय बुडल कशी?"

तिने विचार केला. कपाळावरची टाक्यांची खूण आक्रसली.

"मंग तू जातेस कशाला?"

मी तिचे हात हातात घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी चारला उठले, तर ती जागीच. मी म्हटलं, डोळे उघडे ठेव, दिवा लावून जाते, काही होत नाही. तिने मान हलवली. "नको. तू जा," म्हणाली, आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले.

माझा नंबर पहिला होता. मी गेले.