पालथा आरसा

चांदीचं फूल, सात पाकळ्यांचं, मधली एक चेपलेली — आणि त्याच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, काच. क्षिप्राने इस्तंबूलहून आणलेला हा हातआरसा सिंगापुरात, तिच्या क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये पालथाच टांगलेला असतो. तिकडे पूर्वी असाच टांगत, असं ती म्हणाली होती. सकाळी विद्यापीठात जाताना तिने प्रबंधाची कच्ची प्रत चंद्रशेखरांपुढे ठेवली. तुर्की चित्रांतल्या, कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांचे आरसे... निवृत्त ग्रंथपाल बापाला मुलीने मन रमवायला दिलेलं काम. ते एका वाक्यापाशी अडकले होते : चित्रातली बाई पाठमोरी, चेहरा फक्त आरशात, चित्रकाराला ती दिसते, पण तिने वळून आपल्याकडे पाहावं हे त्याला नको असतं.

नको असतं, की धीर नसतो? समासात त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.

त्यांची बायको सरोजिनी कपाटाच्या आरशापुढे वेणी घालायची तेव्हा ते पुस्तकाआडून बघत — चौतीस वर्षं, रोज — आणि ती वळली की नजर पुन्हा पानावर. "आरशातनं काय बघता? मी इथे आहे," एकदा म्हणाली होती. शेवटच्या आजारात केस गेले, तेव्हा तिने आरशावर चादर टाकायला सांगितली. ती मी टाकली, आणि पुढे चार महिने तिच्या उशाशी बसून मी वाचत राहिलो... काय वाचलं, ते आठवत नाही.

उद्या तिचं वर्षश्राद्ध. गेल्या आठवड्यात तिचा फोटो मोठा करून आणला, तर चेहरा परका वाटला, तीळ भलत्याच गालावर. उलटा छापलाय, असं त्यांनी भीत भीत दुकानदाराला सांगितलं. "कॅन, अंकल, कॅन," म्हणत त्याने फिरवून दिला. मग मात्र ती ओळखीची झाली.

संध्याकाळी क्षिप्रा हार घेऊन आली आणि फोटोपुढे थबकली.

"बाबा, आईचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

त्यांनी पाहिलं. खरंच. दुकानदाराने घोळ घातला असेल, उद्या सकाळीच बदलून आणू, असं तीच म्हणाली. हो म्हटलं की संपलं असतं.

"पहिला बरोबर होता. हा मी फिरवून घेतला," ते म्हणाले. "मला ती... अशीच आठवते."

हार हातात तसाच धरून क्षिप्रा समोर बसली. ती आपल्याकडे बघते आहे हे त्यांना कळत होतं. वर बघायचं, एवढंच करायचं होतं. नजर चेपलेल्या पाकळीवर जाऊन बसली. तो पहिला फोटो आठवून पाहिला — तो परका चेहरा — पण काही केल्या येईना. एवढंच आठवत होतं की त्यातली बाई सरळ माझ्याकडे बघत होती... आणि मी तिला दुकानात परत देऊन आलो.