पक्क्या पेशी घरंगळल्या

मी एक जुनी काचेची पन्हळ आहे. छपराची नव्हे, प्रयोगशाळेतली. बोटभर लांब आणि केसाएवढी खोल. मित्रांनो, भट्टीतून निघाले तेव्हा माझा नितळपणा पाहून आरशाने तोंड लपवलं होतं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा!

माझ्या तळाला शिरेच्या अस्तरासारखा लेप देत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडत आणि त्यांच्यावरून प्रवाह वाहवत. जखम झाली की या पेशी वाहता वाहता शिरेला धरून थांबतात, मगच जंतूंवर तुटून पडतात. माझ्यात थांबल्या की माणूस ठीक. फार कौतुक व्हायचं माझं. मग नवं यंत्र आलं आणि मी खणात धूळ खात पडले.

एके दिवशी ते यंत्र रुसलं, तेव्हा माझी आठवण झाली. जखमा भरत नसलेल्या एका चिमुरडीचं रक्त आलं होतं. पेशी थांबल्या नाहीत, तर तो पेशींचाच आजार ठरून तिला भावाची अस्थिमज्जा देण्याचा जोखमीचा उपचार करावा लागणार होता.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी वॉर्डातून फोन केला, "पेशी आधी पक्क्या होऊ देत, मग प्रवाह सोड." म्हणजे तळाला चिकटू देत. पण आमच्या खोलीत 'पक्क्या करणे' म्हणजे फॉर्मॅलिन, पेशी मारून जशाच्या तशा टिकवणारं औषध, घालणे! कामाला वाऱ्यासारखी, म्हणून जिला सगळे भिंगरी म्हणत, त्या मदतनीस मुलीने बहुतेक रक्त दुसऱ्या नळीत घेतलं आणि त्यात फॉर्मॅलिन ओतलं.

चिकटल्यावर घातलं असतं, तर पेशी जागच्या जागी राहिल्या असत्या. आधीच घातलं, की त्या दिसतात तशाच, पण वाळल्या वाटाण्यासारख्या कडक होतात. पसरून धरायला जीव हवा ना! मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण काचेचं ऐकतंय कोण?

प्रवाह सुटला. सगळ्या घरंगळत गेल्या.

"बाई, एकसुद्धा थांबत नाही हो!" भिंगरीने रडकुंडीला येऊन फोन केला, तशा बाई धावत आल्या.

दारातून चिमुरडीच्या आईने विचारलं, "बरी आहे ना माझी पोर?"

"थोडं थांबा, ताई." बाई भिंगरीकडे वळल्या. "आता तुझं रक्त घे. अगदी तस्संच कर."

भिंगरीच्याही पेशी घरंगळल्या.

"अगं, तूही आजारी की काय? मागच्या आठवड्यात फोडून घेतलेलं कोपर तर झकास भरलंय! काय घातलंस यात?"

"फॉर्मॅलिन. तुम्हीच म्हणालात ना, पक्क्या कर!"

"पक्क्या होऊ देत म्हटलं, बये! तू त्यांचे पुतळे केलेस!"

चिमुरडीचं रक्त आता मूळ नळीच्या तळाशी थेंबभरच उरलं होतं. भिंगरीने मला धुऊन नवा लेप दिला. या वेळी पेशी जिवंतच सोडल्या, तळाला टेकू दिल्या आणि मग हळूच प्रवाह सुरू केला. एक लोळली, अडखळली, सुटली. दुसरी लोळली, थबकली, पसरली... प्रवाह वाढवला तरी हलेना! मग तिच्याशेजारी तिसरी.

"ताई, तो आजार नाही," बाई म्हणाल्या. "जखमांचं कारण शोधू आपण. पण अस्थिमज्जेसाठी लेकाला सुईखाली घालायचं नाही." आई तिथेच फरशीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली.

मित्रांनो, नळी उघडली की आजही मी आधी फॉर्मॅलिनचा वास येतो का ते पाहते. मला जपून धुवा, ओरखडे पाडू नका. आणि कुणी घाईत काम सांगितलं, तर हात चालवण्याआधी एवढं विचारा, "म्हणजे नेमकं काय करू?" माझ्यातून वाहतं ते कुणाचं तरी लेकरू असतं.