चैतूछाप पळायचे बूट

चैतू त्या शर्यतीत अकरावा आला.

सांगायचं म्हणून सांगून टाकलं. आता हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं धरून पुढं जाऊ. वडशात सगळे असंच धरून चालतात, आणि तांदळातले खडे एवढ्या नेटानं निवडणारं गाव बातम्याही निवडूनच ठेवत असेल, तर त्यात आपण पडू नये.

तर चैतू अजून धावलेलाच नाही. प्रजासत्ताक दिनाला महिना आहे. धान कापून झालंय, वैनगंगेवर रोज सकाळी धुकं येऊन बसतंय, आणि वडशाच्या स्टेशनाजवळ थोरल्या बहिणीच्या ओसरीत लटारू आकाश कापतोय.

आकाश म्हणजे आकाशच. भैयाजींच्या नाटक कंपनीचा एक पडदा मागच्या उन्हाळ्यातल्या वादळात मधोमध फाटला होता. भैयाजींनी तो लटारूला देऊन टाकला. म्हणाले, "ने गा. फाटक्या राजवाड्यात राजा उभा केला त लोक रडाच्या जागी हासते." कोणतंही नाटक असलं तरी भागावं म्हणून त्या एकाच पडद्यावर राजवाडा, जंगल, कमळाचं तळं आणि चंद्र अशी सगळी सोय होती. लटारू त्याचे पळायचे बूट शिवत होता. खाली लाकडं वाहणाऱ्या लॉरीच्या जुन्या टायरचा तळ, वर राजवाडा. एखाद्या जोडाला खांब येत, एखाद्याला हरणाचे फक्त मागचे पाय. एका डाव्या बुटावर अर्धा चंद्र आला. उरलेला अर्धा उजव्यावर यावा म्हणून लटारूनं पुष्कळ डोकं चालवलं, पण तिथं राणीच्या खिडकीतला दिवा आला.

"चालते," लटारू म्हणाला. "एक पाय बाहेर, एक पाय घरी."

पळायच्या बुटांचं वेड त्याला फुटाण्याच्या पुडीतून लागलं होतं. पुडीच्या कागदावर कुठल्यातरी परदेशी धावपटूचं चित्र होतं. बूट घातलेला, आणि दोन्ही पाय हवेत. खाली जमीनच नाही. छापणाऱ्यानं जागा वाचवायला जमीन कापून टाकली होती, पण ते लटारूला कोण सांगणार? बूट चांगला असला की जमीन लागत नाही, एवढं त्यानं चित्रावरून शिकून घेतलं. नागपूरच्या दुकानातले तसले बूट मास्तरच्या पगारालाही झेपत नसत. लटारूचे बूट धानाच्या मजुरीत बसत. तरी कोणी घेत नव्हतं.

"छाप पाह्यजे," लटारू म्हणाला.

त्या काळी छापाशिवाय काही विकत नसे. बिडीवर वाघ, काडेपेटीवर घोडा, साबणावर लाजणारी बाई. पण वाघ काही बिडी ओढत नाही, आणि हीच गोष्ट लटारूला खुपत होती. त्याला खरा पळणारा माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे कुरखेड्यापलीकडच्या रानगावचा चैतू. टपालाची थैली घेऊन तो रानातून पळायचा. वाटेतली कुत्री भुंकायचं ठरवीपर्यंत तो पुढच्या गावात असे. थैली वडशाच्या टपालात टाकून तो ओसरीवर टेकला, तेव्हा लटारूनं चंद्राचा जोड त्याच्यापुढं ठेवला.

"माहं नाव बुटावर?" चैतूनं विचारलं. "म्हणजे लोकं माह्या नावावर पाय देतीन."

"नाई गा. नाव वरतं राहीन. पाय खालतं."

चैतूनं बूट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, चंद्रावरून अंगठा फिरवला. "आन मले काय करा लागन?"

"सव्वीस जानेवारीले ब्रह्मपुरीवरून वडशापर्यंत शर्यत हाय. पयला ये. आन बाजारात सगळ्यायसमोर हे बूट तुह्या पायात दिसले पाह्यजे. नवेकोरे."

"दिसतीन," चैतू म्हणाला. चैतू एकदा बोलला की त्याला पुन्हा विचारायची पद्धत नव्हती.

लटारूनं त्याच दिवशी सागाच्या तुकड्यावर ठसा कोरायला घेतला. "चैतूछाप. शर्यतीत पहिल्या आलेल्या पायाचे बूट." शिवणयंत्रावरून थोरल्या बहिणीनं, वच्छलाबाईनं, मान वर केली.

"शर्यत व्हाची हाय, आन ठसा झाला?"

"लाकूड ओलं हाय तं कोरून घेऊन राह्यलो, बाई. वाळलं का लय तरास देते."

"पाह्य लटारू," वच्छलाबाईनं पायडल थांबवलं. तिनं पायडल थांबवलं की घरात शुकशुकाट होई. "मशीन माही हाय. पोलके शिवाचं सोडून मी वर्षभर तुह्यासाठी राजवाडे शिवून राह्यली. आता आयक. ठसा खरा निघाला त मशीन तुही. खोटा निघाला त मशीन पोलक्यायची, आन तू मामाच्या राईस मिलमंधी पोते उचलाले. खोटं छापून मी लोकायच्या पायात घालनार नाई."

"खोटा काऊन निघन? चैतू हाय."

"आन पाणी लागू देऊ नको म्हणा त्याले. सरसातले रंग हायेत. नदीत पडला त चंद्र आंध्रात जाईन."

हे लटारूनं चैतूला सांगितलं. चैतूनं मान डोलावली. आपल्याला हे कोणी सांगावं लागतं याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं.

सव्वीस जानेवारीला धुकं इतकं होतं की झेंडा वर गेल्यावर तो फडकतोय की नाही हे आवाजावरून ठरवावं लागलं. बाजाराच्या चौकात चुन्याची रेघ मारली होती. रेघेशेजारी लटारू हातगाडीवर बूट मांडून उभा, खिशात ठसा. मागं वच्छलाबाई, हाताची घडी घालून. भैयाजी शाल पांघरून आलेले. सगळ्यांचे डोळे गावाबाहेरच्या चिंचेखालच्या विहिरीकडे लागलेले, कारण धुकं आता तिथवर हटलं होतं, आणि रस्ता तिथून धुक्याबाहेर येत होता.

मग धुक्यात अर्धा चंद्र दिसला.

तो डुलत डुलत येत होता. त्याच्याजवळ राणीच्या खिडकीतला दिवाही डुलत होता. खाली पाय होते, पण पायांखाली धुकं, जमीन कुठंच नाही. पुडीवरचं चित्रच चालून येत होतं. मागं दुसऱ्या कोणाच्या पावलांचा आवाजही नव्हता. आयुष्यात एवढी सुंदर गोष्ट त्यानं पाहिली नव्हती, आणि ती त्यानं स्वतः शिवली होती.

"चंद्र जराकसा वरतं नाई वाटत?" वच्छलाबाई म्हणाली.

वरच होता. चैतूनं बूट नाड्यांनी गळ्यात अडकवले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. इकडं झाडीपट्टीत ती कोणी सांगत नाही, कारण ती सगळे करतात. पायताण गावासाठी असतं, रस्त्यासाठी पाय असतात. बाजाराला येणारा माणूस नदी, चिखल, काटे सगळं अनवाणी तुडवतो, बूट काठीला नाहीतर गळ्यात. गावाच्या तोंडाशी विहीर लागली की पाय धुतो, वाळवतो, बूट घालतो आणि माणसासारखा आत शिरतो. लटारू स्वतः जन्मभर तसाच आला होता. शर्यत निराळी असते, हे सांगायचं त्याला सुचलं नाही, कारण ती निराळी असते हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

चैतू विहिरीशी थांबला. बादली सोडली. पाय धुतले. मग दगडावर बसून पाय उन्हाकडे केले. ऊन नव्हतंच, तो त्याची वाट पाहत बसला.

"चैतू! धाव ना गा!" लटारू ओरडला.

"येतो, येतो," चैतू तिथूनच म्हणाला. "पाय ओले हायेत. रंग जाईन."

धुक्यातून दुसरा धावणारा आला. चैतूला पाय धुताना पाहून सवयीनं तोही थांबला, तोंडावर पाणी मारलं, आणि मग आपण शर्यतीत आहोत हे आठवून दचकून पळाला. तिसऱ्यानं पळता पळता विचारलं, "थंड हाय का पाणी?"

"मस्त हाय," चैतू म्हणाला. तो उजवी नाडी बांधत होता. नाडी ही वस्तू त्याला नवीन होती, आणि तो तिला कोणतीही घाई करत नव्हता.

मग एकामागून एक बाकीचे गेले. त्यांच्यामागून चैतू उठला आणि चालत निघाला.

"आता त पळ!" लटारूचा आवाज फाटला.

"नवे बूट घालून बाजारात पळते का कोणी?" चैतू म्हणाला. "चोरून आनले वाटन लोकायले."

आणि तो नवरदेवासारखा चालत आला. ब्रह्मपुरीपासून सगळा रस्ता आणि मधली अख्खी नदी ओलांडून आलेला माणूस, आणि बुटांवर धुळीचा कण नाही, चिखलाचा शिंतोडा नाही. चंद्र जसाच्या तसा. खिडकीत दिवा लागलेला. जिंकलेला पोरगा हार घालून उभा होता, पण त्याच्याकडे पाहणारा एकटा फोटोवालाच होता, आणि तोही फोटो काढायचा विसरला.

"माहा राजवाडा चालला," भैयाजी डोळे पुसत म्हणाले. "पडद्यावर होता तवा कधी चालला नाई."

"जमिनीले लागतच नाई बूट!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि हातगाडी दिसेनाशी झाली. हरणाचे मागचे पाय गेले, खांब गेले, नुसतं निळं होतं तेही गेलं. त्यानंतर दर बाजाराला रानातल्या वाटांनी माणसं येऊ लागली, गळ्यात तळी आणि आभाळं डुलवत. विहिरीशी थांबून ती पायात घालत. त्या बुटांनी पळालेला माणूस मात्र कोणी पाहिला नाही.

त्या संध्याकाळी लटारूनं ठसा वच्छलाबाईच्या पुढ्यात ठेवला.

"अकरावा," ती म्हणाली.

"लोक त पयलाच म्हणून राह्यले, बाई."

"लोक म्हणते म्हणून मी छापू का?" पायडल थांबलेलंच होतं. लटारूला राईस मिलची पोती दिसू लागली. वच्छलाबाईनं ठसा उचलून पाहिला आणि म्हणाली, "शर्यतवाल्यायच्या वरतं कोणी असन ना?"

"असन."

"त्यायले अर्ज कर. वरून उत्तर येत नाई तवापर्यंत ठसा खरा बी नाई, खोटा बी नाई. तवापर्यंत मशीन तुही."

"कोणाले करू?"

वच्छलाबाईनं सुईत दोरा ओवला. "अंतरं मोजनारं खातं असन कोणतंतरी."

"असं खातं हाय का?"

"मले का माईत," ती म्हणाली. "नसन त अजून बरं." आणि तिनं पायडल मारलं.

अर्ज शाळेच्या मास्तरांकडून शुद्ध करून नागपूरला रवाना झाला, तो असा:

"मा. मुख्य अधिकारी, अंतरे व टप्पे खाते, यांचे सेवेशी. अर्जदार लटारू, राहणार वडसा, सविनय कळवितो की, चैतू, धंदा टपाल, हा इसम दिनांक २६ जानेवारी रोजी चिंचेखालील विहिरीशी सर्वप्रथम पोहोचला, याबद्दल कोणाचाही वाद नाही. त्यापुढील अंतर हे धावण्याचे नसून गावात शिरण्याचे आहे. सबब, या जिल्ह्यात माणूस जिथे पाय धुतो तिथेच तो पोहोचला असे समजण्यात यावे. त्याप्रमाणे मैलाचे सर्व दगड उपटून जवळच्या विहिरींपाशी नेऊन बसवावेत. जिथे विहीर नसेल तिथे खात्याने आधी विहीर खणावी. आणि हा हुकूम शर्यतीच्या आदल्या दिवसापासून अंमलात आणावा, ही विनंती."