कुलूप लावलंत ना?

“गाडी मागे घेताना लगेच पकडते ना?” मास्तरांनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

“मागे लगेच जाते. पुढचा गिअर टाकला की नुसती गुरगुरते,” लेक म्हणाली.

नर्सच्या पोशाखातच ती त्यांच्या गॅरेजच्या दारात उभी होती. थोड्या वेळापूर्वी इस्पितळाच्या फाटकातून तिनं घरची गाडी मागे घेतली, पुढचा गिअर टाकला, आणि गाडी भर रस्त्यात आडवी थांबून राहिली. तेवढ्यात एक ट्रक आला. ड्रायव्हरनं वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावलं. गाडीची किल्ली तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“तू घरी जा, मी बघतो,” मास्तर म्हणाले.

“बघू नका, बाबा. करा.”

अख्ख्या गावाच्या ऑटोमॅटिक गाड्या दुरुस्तीला मास्तरांकडे यायच्या आणि घरचीच अशी. दिव्याखाली अंधार, असं शेजारचा पंक्चरवाला तोंडावर म्हणायचा, मास्तर हसण्यावारी न्यायचे. खरं तर दोष त्यांना तोंडपाठ होता. रिव्हर्स लगेच पकडतो म्हणजे पंप ठीक, ऑइल ठीक. पुढच्या क्लचचं रबरी सील म्हातारं होऊन कडक झालं होतं. त्यातून ऑइलचा दाब गळायचा आणि तो पुन्हा भरेपर्यंत गाडी जागच्या जागी थांबायची, मग धक्का देऊन निघायची. गिअरबॉक्स उतरवून सील बदललं की संपलं. पण मास्तरांनी वर्षानुवर्षं कानाडोळा केला होता.

कारण त्या थांबण्यात त्यांची बायको बोलायची. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी विचार करतेय, असं ती म्हणायची, आणि तेवढ्यात दर वेळी विचारायची, “कुलूप लावलंत ना?” मास्तर “लावलं” म्हणायचे नि गाडी निघायची. कैकदा ते उत्तर न देता मुकाट उतरायचे आणि कुलूप लावून यायचे. त्यावर ती नुसती खिडकीबाहेर बघत हसायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात तिचा आवाज आठवायला आता मास्तरांना कष्ट पडायचे. गाडीत पडायचे नाहीत. रोज सकाळी ते गिअर टाकायचे आणि त्या चिमूटभर वेळात ती अगदी शेजारून विचारायची. मास्तरांना तेवढ्यासाठी सकाळ हवीशी वाटायची.

पण भर रस्त्यात आडवी गाडी, आत लेक आणि अंगावर येणारा ट्रक त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. जुनं सील बोटांत धरून वाकवलं तर वाळक्या काटकीसारखं मोडलं. नवं बसवताना मास्तरांनी कुठेही हात आखडला नाही.

दोन दिवसांनी लेकीची ड्यूटी सुटायच्या वेळी गाडी तिला नेऊन द्यायची म्हणून ते घरून निघाले. गिअर टाकला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. धक्का नाही, गुरगुर नाही. काम फक्कड झालं होतं. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज कुणी काही विचारलंच नाही.

त्यांनी गाडी वळवली. घराचं दार सताड उघडं होतं आणि कुलूप आत खिळ्यावर लटकत होतं.

मास्तर मुकाट उतरले, कुलूप लावून आले. गाडी निघायला तयार होती. ते मात्र गिअरवर हात ठेवून, पूर्वी गाडी थांबायची तेवढा वेळ थांबले.

“लावलं,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी गिअर टाकला.